काश्मीर ते दिंडीगुल, तीन मिलिमीटर

आमच्या ढोल-ताशा पथकाला सरावासाठी जागा मिळवून देण्यात माझा सिंहाचा वाटा होता, हे पथकात कोणालाही विचारा. वादनातला वाटा विचारू नका. ताशाच्या काड्या हातात आल्या की माझा उजवा हात एक म्हणतो आणि डावा भलतंच ऐकतो. म्हणून पथकप्रमुखांनी मोठ्या मनाने माझ्याकडे 'व्यवस्था' सोपवली होती. पुण्यात पावसाळा सुरू झाला की नदीकाठ, शाळांची पटांगणं, लग्नाची लॉन, जिथे म्हणून चार ढोल उभे राहतील तिथे पथकं जागा अडवून बसतात. मी आमच्या संशोधन संस्थेच्या कुंपणाला लागूनच एक मोकळा प्लॉट हेरला, मालकाची मनधरणी केली आणि रोज संध्याकाळी सात ते साडेनऊ अशी परवानगी काढली. पथकाने मला श्रीफळ आणि उपरणं दिलं.

कुंपणाच्या अलीकडच्या इमारतीत तळमजल्यावर एक आयन-बीमवाला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे आणि जमीन काही नॅनोमीटर थरथरली तरी त्याचं चित्र बिघडतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या यंत्रावर पीएचडी करणारा मीच होतो. पण कुंपणाच्या दोन बाजूंना मी दोन वेगळी डोकी वापरतो.

माझा विषय फ्युएल सेल. एवढं म्हटलं की समोरचा म्हणतो, "म्हणजे ती हायड्रोजनची बस ना?" २०२२च्या ऑगस्टमध्ये सीएसआयआर आणि केपीआयटी यांनी विकसित केलेली देशी हायड्रोजन बस पुण्यात दाखवली गेली. तेव्हापासून आमच्या सोसायटीत त्या बसचं थोडंफार श्रेय मला मिळतं आणि मीही ते नाकारून लोकांचा हिरमोड करत नाही. वस्तुस्थिती अशी की त्या जातीच्या सेलमध्ये पॉलिमरचा पातळ पडदा असतो आणि त्याला ऐंशी अंशांच्या आसपासची ऊब पुरते. माझा सेल सिरॅमिकचा. त्याला आठशे अंश लागतात, आणि त्याच्यावर बस सोडा, सायकलचा दिवाही अजून लागलेला नाही.

या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे विल्यम ग्रोव्ह. या वेल्श गृहस्थाने १८३९च्या सुमारास हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची गाठ घालून वीज काढून दाखवली. पेशाने तो वकील होता, पुढे न्यायाधीश झाला. वकिलाच्या हातून जन्माला आल्यामुळेच की काय, या तंत्रज्ञानाला तेव्हापासून पुढची तारीख मिळत आली आहे. सिरॅमिक शाखा वाल्थर नेर्न्स्टपासून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने झिर्कोनियात थोडं इट्रिया मिसळून दिव्याची कांडी केली. ती गार असताना वीज वाहू देत नसे, आधी तापवावी लागे. १९३७ साली एमिल बाउर आणि प्राइस यांनी त्याच जातीच्या पदार्थावर सेल चालवून पाहिला. इतकी वर्षं झाली, पण चांगलं तापवल्याशिवाय कामाला न लागण्याचा तो गुण अजून तसाच आहे. मॅडमच्या मते तो विद्यार्थ्यातही उतरतो. (मॅडम म्हणजे माझ्या गाइड.)

आता अ‍ॅनोड. निकेल ऑक्साइडची हिरवी पूड आणि इट्रियावाला झिर्कोनिया एकत्र करून चौदाशे अंशांच्या आसपास भाजायचं, मग हायड्रोजनमध्ये तापवायचं. निकेलमधला ऑक्सिजन निघून जातो, हिरवा रंग करडा होतो, निकेल आक्रसतं आणि अनारशाला पडते तशी आत जाळी पडते. ही जाळी मुद्दाम हवी असते. पोकळीतून हायड्रोजन येतो, झिर्कोनियातून ऑक्सिजनचे आयन येतात, दोघांचं पाणी होतं आणि सुटे झालेले इलेक्ट्रॉन निकेलवरून बाहेरच्या तारेत जातात. म्हणजे कामाची जागा फक्त तीच, जिथे निकेल, झिर्कोनिया आणि पोकळी हे तिघं एकमेकांना टेकतात. तिघांच्या भेटीची ही रेष म्हणजे ट्रिपल फेज बाउंडरी, लॅबमध्ये 'टीपीबी'. शिवाय तिघांनाही बाहेरपर्यंत सलग वाट पाहिजे. एखादा निकेलचा कण कितीही मोक्याच्या जागी बसलेला असू दे, शेजाऱ्यांपासून तुटला असेल तर इलेक्ट्रॉन घेऊन जाणार कुठे?

वाट सलग आहे की नाही हे सपाट कापाच्या फोटोत कळत नाही. फोटोत एकटं दिसणारं बेट खालून मुख्य भूमीला जोडलेलं असू शकतं. त्यामुळे पूर्वी सगळा अंदाजांचा कारभार होता. २००६ साली शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जेम्स विल्सन, पीटर वूरहीस, स्कॉट बार्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयन-बीमने अ‍ॅनोडचे एकामागून एक पातळ काप घेतले, प्रत्येक कापाचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने फोटो काढला आणि ते सगळे संगणकात एकावर एक रचून अ‍ॅनोड त्रिमितीत उभा केला. त्यात त्यांनी ती रेष मोजली. एका घन सेंटिमीटरात सुमारे ४,२८० किलोमीटर!

हा आकडा मॅडमनी सांगितला तेव्हा मी रात्रभर झोपलो नाही. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर. म्हणजे काश्मीरच्या टोकापासून निघा, सरळ कन्याकुमारी गाठा, तिथून उलटे फिरा आणि सोलापूरपर्यंत या. एवढी रेष साखरेच्या क्यूबहूनही लहान तुकड्यात! मी ठरवलं, आपणही काही हजार किलोमीटर मोजायचे. नंतर कळलं की अख्खा घन सेंटिमीटर कोणी कापत बसत नाही. आम्ही कापतो तो दहा मायक्रोमीटर बाजूचा ठोकळा, केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या भागाएवढा. असे शंभर कोटी ठोकळे एका घन सेंटिमीटरात बसतात. म्हणजे काश्मीर-कन्याकुमारी-सोलापूर या यात्रेतला माझ्या वाट्याचा तुकडा सव्वाचार मिलिमीटर. पण तोपर्यंत मी घरी हजारांचा आकडा सांगून बसलो होतो.

क्ष-किरणांनीही हे काम होतं. ग्रेनोबलसारख्या ठिकाणी सिंक्रोट्रॉनवर नमुना न कापता आतलं दिसतं. तोच सेल चालवण्याआधी आणि नंतर पाहता येतो, आणि तेच तर पाहायचं असतं, कारण खूप तास चालून चालून निकेलचे कण एकमेकांत मिसळून जाडे होत जातात आणि रेष आखडते. मी मॅडमसमोर ग्रेनोबलचं नाव काढलं, थंडी फार असते म्हणतात तिथे, असंही सूचक बोललो. थर्मल घेऊन ठेवलं होतं. मॅडम म्हणाल्या, "आधी तळमजला."

तळमजल्यावर काकांचं राज्य. काका यंत्र चालवतात, आणि त्यांच्या दारावर पाटी आहे: 'यंत्र चालू असताना बोलू नये. बंद असताना बोलण्यासारखे काय आहे, याचाही विचार करावा.' काकांनी शिकवलेली कृती अशी. अ‍ॅनोडच्या तुकड्यात निर्वातात एपॉक्सी मुरवायचा, म्हणजे पोकळ्या भरतात. नाहीतर भोकातून पलीकडची भिंत दिसते आणि तीच या कापातली वाटते. मग तासच्या तास घासून पॉलिश. यंत्रात गेल्यावर पाहायच्या भागावर प्लॅटिनमचा पातळ लेप, समोर आणि दोन्ही बाजूंना चर. नमुना कलता ठेवून गॅलियमच्या आयनांचा झोत वरून एक पापुद्रा खरवडतो, इलेक्ट्रॉनचा झोत तिरक्या बाजूने फोटो घेतो, पुन्हा पापुद्रा, पुन्हा फोटो. गॅलियम हा मऊ स्वभावाचा धातू तीस अंशांच्या आतच वितळतो, म्हणजे पुण्याच्या एप्रिलात तो कपाटातसुद्धा टिकायचा नाही. पण तीस हजार व्होल्टवर सोडला की निकेलला भारी पडतो. खरवडलेला पापुद्रा मात्र कायमचा जातो. प्रत्येक काप आयुष्यात एकदाच दिसतो.

यंत्राच्या वेळेसाठी रांग असते. मला मोठ्या प्रतीक्षेनंतर एका शुक्रवारची संध्याकाळ ते शनिवारची सकाळ अशी वेळ मिळाली. श्रावण लागलेला. मी सगळं चोख केलं. एका ज्युनियरला चपला वाजतात म्हणून बाहेर काढलं. दुसऱ्याला शिंक आवरायला सांगितलं. एसीचा झोत नमुन्याच्या बाजूला येतो म्हणून पुठ्ठा लावला. पहिले काप असे काही स्वच्छ आले की काकासुद्धा "हं" म्हणाले. काकांच्या तोंडून "हं" म्हणजे पद्मश्री.

सात वाजले.

पडद्यावर निकेलच्या कणाची कड करवतीसारखी दातेरी झाली. पुढच्या फोटोत आणखी. मी फोकस फिरवला, काकांनी केबल चाचपल्या. मग त्यांनी मान तिरकी केली, भिंतीला कान लावला आणि विचारलं, "कुठल्या गाढवाने पथक आणून ठेवलंय इथे?"

"लोकांना काही सिव्हिक सेन्सच नाही," मी म्हणालो. आवाजात संताप अगदी खरा उतरला होता. आजही त्याचं मला कौतुक वाटतं.

"मग जाऊन थांबव ना त्यांना."

गेलो. आत शिरताच जल्लोष झाला. "आले, आले, व्यवस्थाप्रमुख आले!" पथकप्रमुखांनी ताशा माझ्या कमरेला बांधला, कारण ताशेवाला तापाने घरी पडला होता. मी तोंड उघडलं, पण शेजारी चाळीस ढोल वाजत असताना 'नॅनोमीटर' हा शब्द उच्चारून बघा. दोन मिनिटं वाजवतो आणि मग शांतपणे सांगतो, असं मनाशी म्हटलं. आणि मग, खोटं कशाला बोलू, हात थोडा बसायला लागला होता.

परतलो तेव्हा यंत्राने आपोआप भरपूर काप उरकले होते. काका खुर्ची मागे रेलून फोटो बघत होते. आता ही गंमत समजून घ्या. असा फोटो एका झटक्यात निघत नाही. झोत वरून खाली ओळ ओळ सरकत जातो आणि एका फोटोला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. म्हणजे वरची कड आधीची आणि खालची कड नंतरची. त्या वेळात जमीन जशी हलली तशी प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकलेली असते. माझ्या फोटोंवर पथकाचा अख्खा ठेका नोंदला गेला होता. काका लक्ष्मी रोडवर लहानाचे मोठे झालेले. त्यांनी पेनाने वरून खाली दाते मोजत आणले आणि एका जागी थांबले.

"इथे ठेका सुटलाय बघ. इथेही. हा ताशा कोण वाजवतोय? अगदीच बेताल आहे."

मी काही बोललो नाही. कमरेला दोरीचा वळ उमटलेला होता आणि तो दिसू नये म्हणून शर्ट खाली ओढत होतो.

त्या नमुन्याचं बहुतेक सगळं गॅलियमने वाऱ्यावर सोडलं होतं. नवा तुकडा, नवा एपॉक्सी, पुन्हा घासणं, पुन्हा रांग. या खेपेला मी मागून घेतली ती भल्या पहाटेची वेळ. पथकातलं कोणी नऊच्या आत उठत नाही, ही माहिती माझ्याकडे आतल्या गोटातली होती. काप चांगले आले. काही फोटोंवर उभे पट्टे पडले होते. झोत एपॉक्सीतून आणि निकेलमधून वेगवेगळ्या वेगाने कापतो, त्यामुळे असे पट्टे पडतातच, त्यांना इलाज असतो. मी ठोकळा संगणकात चढवला आणि आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या कामाला लागलो.

सुखाचं अशासाठी की या कामात माणूस निर्माता असतो. फोटोत निकेल, झिर्कोनिया आणि पोकळी अशी नावं लिहिलेली नसतात, असतात फक्त करड्या छटा. पोकळी काळी, ती समजते. पण बाकीच्या दोघांची छटा मुख्यतः अणुक्रमांकावरून ठरते, आणि निकेलचा अणुक्रमांक २८. झिर्कोनियमचा ४०, पण त्याच्या जोडीला बसलेला हलका ऑक्सिजन त्याची सरासरी खाली ओढतो. त्यामुळे दोघांची छटा फार जवळ येते, आणि झोताचा व्होल्टेज कमी ठेवून, योग्य डिटेक्टर निवडून ती कशीबशी वेगळी करावी लागते. मग कुठल्या छटेपर्यंत झिर्कोनिया आणि कुठून पुढे निकेल, ही सीमा ठरवायची. नोबुयुकी ओत्सू या जपानी शास्त्रज्ञाने १९७९ साली ही सीमा आलेखावरून काढण्याची पद्धत दिली आहे. ती प्रामाणिक माणसांसाठी उत्तम. पण सॉफ्टवेअरवाल्यांनी तिच्या शेजारी एक सरकता स्लायडरही ठेवला आहे.

मी ओत्सूंना मान देऊन सुरुवात केली. रेष कन्याकुमारीच्या अलीकडेच थांबली. एवढी मेहनत आणि समुद्रसुद्धा दिसू नये? स्लायडर केसभर उजवीकडे नेला, रेष कन्याकुमारीला टेकली. आणखी केसभर, सोलापूर. इथे एखाद्या विचारी माणसाने हात मागे घेतला असता. मी नागपूर ओलांडलं, भोपाळला क्षणभर थबकलो आणि दुपारच्या चहापर्यंत दिल्लीत दाखल झालो. एका घन सेंटिमीटरात साडेपाच हजार किलोमीटर! शिकागोवाल्यांना मी हजारभर किलोमीटर मागे टाकलं होतं, तेही बसल्या जागी. आईला फोन केला. आईने शेजारच्या काकूंना सांगितलं. काकूंनी बसचं विचारलं.

मॅडमनी ठोकळा पडद्यावर हळूच फिरवला. एका पोकळीत झूम केलं. तिथे निकेलचे बारीक बारीक ठिपके, कशालाही न टेकता, तरंगत होते. फोटोतला खरखराट स्लायडरने निकेल ठरवला होता, आणि प्रत्येक ठिपक्याने आपापल्या भोवतीची रेष माझ्या खात्यात जमा केली होती.

"हे निकेल कशाला धरून उभं आहे?" मॅडमनी विचारलं.

"एपॉक्सीला," मी म्हणालो.

मॅडमनी चष्मा काढला. "सेल चालतो तेव्हा एपॉक्सी असतो?"

एपॉक्सी आम्हीच फोटोसाठी भरलेला. आठशे अंशांना त्याचा धूरसुद्धा शिल्लक राहायचा नाही. मी म्हटलं, "तसा नसतो." मॅडम म्हणाल्या, "तसा नाही, असाही नसतो." मग खरखराट गाळला, तरंगती बेटं काढली, ओत्सूंना परत बोलावलं आणि रेष मदुराईला येऊन थांबली. मीनाक्षीचं मंदिर आहे, काही वाईट गाव नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

तरी त्या ठोकळ्यावर माझा जीव जडला होता. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी मी तो दहा हजार पट मोठा करून नायलॉनच्या पुडीत त्रिमितीय छापून घेतला. दहा मायक्रोमीटरचे दहा सेंटिमीटर झाले. पांढरा, खरबरीत, आरपार जाळीचा. प्रदर्शनात लोक त्याला हात लावून "स्पंज आहे का?" विचारत होते. उरलेली एक प्रत मी चिपळूणला आजीकडे घेऊन गेलो.

"कसला रे हा धोंडा?"

"आजी, हा अ‍ॅनोड. दहा हजार पट मोठा केलेला."

"मग मूळचा केवढा?"

"डोळ्यांना दिसत नाही एवढा."

"दिसत नव्हता तेच बरं होतं की. मोठा करायला किती पैसे घेतले?"

मी विषय बदलला. ठोकळा देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवला आणि निघालो. महिन्याभराने पुन्हा गेलो तर कोनाड्यात पितळी पंचपात्र. ठोकळा न्हाणीघरात, बंबाशेजारी. आजीची जुनी वजरी हरवली होती.

"टाचा अगदी लोण्यासारख्या झाल्या बघ," आजी म्हणाली. "पण एक खोड आहे हो तुझ्या त्या अनोडात. पाणी निथळत नाही. उपडा घातला तरी आत साचतं, वास मारतो. म्हणून मी केरसुणीची काडी घालून पाहिली. या बाजूने सगळ्या भोकांत काडी तेवढीच आत जाते आणि अडते. इथे. बोट ठेव."

मी बोट ठेवलं. मग दुसऱ्या भोकात काडी घातली. तेवढीच खोल. तिसऱ्यात, तेवढीच. निसर्गात सगळ्या पोकळ्या एकाच पातळीला बंद होत नाहीत. बाजूने पाहिलं तर तिथे एक बारीक सलग रेघ होती, जी मी छपाईची समजत होतो. लॅपटॉप उघडला. बरोबर तिथले एक-दोन फोटो बाकीच्यांपेक्षा उजळ आले होते, बहुधा पृष्ठभागावर विद्युतभार साचून, आणि त्या उजेडात सॉफ्टवेअरने काळ्या पोकळ्याही घन ठरवल्या होत्या. माझ्या अ‍ॅनोडच्या मध्यावर एक अखंड भिंत उभी होती आणि अहवालात मी लिहिलं होतं, 'पोकळ्यांचे जाळे सर्व दिशांनी सलग.'

न्हाणीघराच्या उंबऱ्यावरूनच मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काडी किती आत गेली, मोजलंत का? आजींकडे पट्टी आहे?" आजीने शिवणाच्या डब्यातली टेप आणून दिली. साडेचार सेंटिमीटर, म्हणजे दहा हजारांनी भागून साडेचार मायक्रोमीटर खोलीवरचा काप. तो दुरुस्त केल्यावर भिंतीच्या कडेने फुकट मिळालेली रेष गेली आणि माझा प्रवास मदुराईहून मागे दिंडीगुलला आला. प्रबंधात हाच आकडा गेला आहे.

ठोकळा मी परत मागितला. लॅबमध्ये ठेवावा म्हणालो, दाखवायला बरा पडेल. आजीने साफ नकार दिला. उलट निरोप पाठवला आहे की भिंत काढल्यावर नवा करशील तो जरा बारीक जाळीचा कर, शेजारच्या वहिनींनाही एक पाहिजे, आणि या खेपेला धरायला दांडा बसव.